बुधवारची मुदत

अकरावी-बारावीसाठी यवतमाळात खोली करून राहणाऱ्या मुलांची दिनचर्या इतकी आखलेली असते, की सकाळचे कनिष्ठ महाविद्यालय, दुपारची शिकवणी, सायंकाळची अभ्यासिका आणि रात्रीचा मेसचा डबा यांपलीकडे त्यांच्या दिवसात आणखी काही मावत असेल, अशी शंकाही पाहणाऱ्यास येत नाही. आमच्या माडीवर राहणारा घाटंजीकडचा एक विद्यार्थी मात्र हे सारे उरकल्यावर, सोबतचा मुलगा झोपी गेला की, जुना लॅपटॉप उघडून रोपडच्या आयआयटीतील प्राध्यापक सुदर्शन अय्यंगार यांचा पायथन भाषेवरील बारा आठवड्यांचा पाठ्यक्रम लावीत असे. आयुष्यभर गणित शिकविलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसऱ्याचा अभ्यास पाहत बसण्याइतका निरुपद्रवी छंद दुसरा नाही; म्हणून त्या पावसाळ्यात त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसण्याची मुभा मी मागून घेतली.

ज्या व्यवस्थेत तो शिकत होता ती एनपीटीईएल ही आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली मुख्यतः अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी उभारली. पुढे तीत परीक्षा व प्रमाणपत्रांची सोय झाली, आणि २०१७मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आल्यावर तिचे पाठ्यक्रम तेथूनही मिळू लागले. नाव नोंदविण्यास पैसा पडत नाही, दाखला लागत नाही, जामीन लागत नाही. फी द्यावी लागते ती केवळ परीक्षेची. दर आठवड्यास नवी व्याख्याने खुली होतात, त्यांवरील स्वाध्याय ठरलेल्या मुदतीत सोडवावा लागतो, आणि ती मुदत बहुधा बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते. नेहमीच्या हिशेबाप्रमाणे बारा स्वाध्यायांपैकी उत्तम आठांना शेकडा २५ आणि केंद्रावर जाऊन द्यावयाच्या परीक्षेला शेकडा ७५ असा भार असतो. परंतु स्वाध्यायांत पंचविसापैकी दहा आणि परीक्षेत पंचाहत्तरापैकी तीस असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे मिळविल्याखेरीज प्रमाणपत्र हाती पडत नाही.

हे नियम वाचताना सौम्य वाटतात. बुधवारी रात्री साडेअकरा वाजता, वीज नुकतीच येऊन गेलेली आणि मोबाइलचे नेटवर्क जिन्याच्या वरच्या पायरीवरच सापडणारे अशा स्थितीत, त्यांचा स्वभाव कळतो. वर्गातील शिक्षक विनवणीला वश होतो, हे मी स्वानुभवाने सांगतो; त्या घड्याळाला कोणतीही सबब चालत नसे, आणि कोणाच्या धाकावाचून ते घड्याळ पाळणे हेच माझ्या मते या शिक्षणाचे सर्वांत अवघड अंग होते. व्याख्याने इंग्रजीतून, तेव्हा तो चित्र थांबवी, खालची उपशीर्षके वाची, वहीत आपल्या मराठीत दोन ओळी लिही आणि मग पुढे जाई, त्यामुळे वीस मिनिटांच्या व्याख्यानास सहज तास लागे.

एका आठवड्यात जन्मदिनाचा सुप्रसिद्ध कूटप्रश्न आला: एका खोलीत किती माणसे असली म्हणजे त्यांतील निदान दोघांची जन्मतारीख एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होईल? उत्तर अवघे २३. साठ माणसे असल्यास ती शक्यता शेकडा ९९च्याही वर जाते. त्याने दहा-बारा ओळींची आज्ञावली लिहिली, यंत्राकडून २३ तारखा यदृच्छेने निवडविल्या, तोच प्रयोग हजार वेळा करविला आणि निष्कर्ष ५०च्या आसपास घोटाळतो आहे हे पाहून तो प्रसन्न झाला. मग एकाएकी म्हणाला, ‘‘सर, पण आमच्या घरी तं बाबा, काका अन् मोठी आत्या, तिघंबी १ जुलैलेच जन्मले.’’

मी हसलो, परंतु आक्षेप बिनतोड होता. वर्षाचा प्रत्येक दिवस जन्मास सारखाच अनुकूल आहे, हे गृहीतक यंत्राने विनातक्रार मानले होते. आमच्याकडील शाळांच्या दाखलखारीज रजिस्टरांत मात्र आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी आपल्या हाताने १ जून किंवा १ जुलै लिहून मोकळे होत, आणि पुढे तीच तारीख सेवापुस्तकापासून आधार कार्डापर्यंत त्या माणसाचा पिच्छा पुरवी. मुलाने आज्ञावली बदलली, काही जन्मांचा भार त्या दोन तारखांवर टाकला, आणि तेवीस माणसांची गरज उतरून कितीतरी कमी माणसांवर आली. स्वाध्यायात हे विचारलेले नव्हते, त्याला गुण नव्हते. बोर्डाच्या पुस्तकात तर गृहीतकावर शंका घेण्याचा प्रसंगच अकरावीत क्वचित येतो.

हाच पाठ्यक्रम एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने पूर्ण केला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या विनियमांनुसार एका सत्रातील शेकडा ४०पर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरून घेण्याची तजवीज आहे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय शिक्षणाचेही श्रेयांक मोजावेत, तीस तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक धरावा, असे म्हटले आहे; आणि मद्रासच्या आयआयटीने २०२०मध्ये सुरू केलेल्या ऑनलाइन पदवी कार्यक्रमाची पात्रता परीक्षा अकरावी झालेल्या मुलांना देता येते, प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर मिळतो. म्हणजे दार अगदीच बंद नाही. परंतु महाविद्यालयाच्या कार्यालयात त्याने प्रमाणपत्राची प्रत नेऊन दिली, तेव्हा तेथील लिपिकाने ती उलटसुलट पाहून, हिची नोंद करायला रकानाच नाही असे सांगितले. तो लिपिक दुष्ट नव्हता. रकाना खरोखरच नव्हता. १०+२+३ची रचना आली तेव्हापासून आमच्याकडील अकरावीचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या आवारात वावरतो, पण दप्तरी शाळकरीच राहतो.

परीक्षेसाठी त्याने नागपूर केंद्र घेतले होते. घरी कापसाची वेचणी चालू होती, त्यामुळे सोबत कोणी येणे शक्य नव्हते. सकाळचे सत्र नऊला असल्याने आदल्या दिवशीच्या एसटीने जाऊन तो मामेभावाच्या वसतिगृहात उतरला. निकाल चांगला लागला, एलिट श्रेणीत. जानेवारीच्या सत्रासाठी सांख्यिकीचा पाठ्यक्रम त्याने हेरून ठेवला होता. मीही माझी खुर्ची तयार ठेवली होती. पण शिकवणीची चाचणीमालिका नेमकी तेव्हाच सुरू व्हायची होती आणि तिची फी वडिलांनी कापसाच्या पहिल्या चुकाऱ्यातून भरून टाकली होती, म्हणून त्याने नाव नोंदविले नाही.