हिशेब मागणारा हुकूम

मुरगूड परिसरातल्या आपल्या कोणत्याही घरी विचारा, ‘पोरांचं काय ठरवलंय?’ उत्तर एकच, ‘खूप शिकवायचं!’ इच्छा मोठी आहे. पण खूप म्हणजे किती? केव्हापर्यंत? आणि झाले की नाही, हे पाहायचे कोणी? इथे मात्र घर गप्प होते.

आपल्याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी याचे उत्तर १९०२ सालीच देऊन ठेवले आहे. १८९४ मध्ये ते राज्यकारभार पाहू लागले, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. ‘मागासलेल्यांना वर आणू’ एवढेच लिहिले असते, तर कागद दप्तरात पडून राहिला असता. महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकमात आकडा घातला: रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांना. वेळ घातली: हुकूम पोचल्या दिवसापासून. जिथे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी, तिथली पुढची नेमणूक मागासवर्गीयाचीच. आणि खरी मेख पुढे आहे. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी नेमणुकांचा तक्ता सादर करायचा! १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले होते.

१९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हाही तेच. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड.

आकडा, मुदत, जबाबदार माणूस आणि तपासणी, या चार खुंट्यांवर काम उभे राहते. एक निखळली की झाले! आजही राखीव जागा कागदावर असतात आणि अनुशेष मागे उरतो. तो उघडा पडतो, कोणी रिकाम्या जागा मोजायला बसले तरच.

घरातही हेच करू या. ‘पोरीनं गणितात सुधारावं’ ही झाली इच्छा. ‘दिवाळीपर्यंत रोज ५ गणिते, रविवारी आईने वही पाहायची’ हे झाले ध्येय. आईला अक्षरओळख नसली तरी गणिते मोजता येतात, ‘काल का नाही?’ असे विचारता येते. मात्र नुसती पाने भरली म्हणजे विद्या आली, असे नाही. म्हणून महिन्याला एक चाचणी हवीच. विहारातल्या अभ्यासिकेलाही हाच नियम लावावा.

बाबासाहेबांची तसबीर आपल्या भिंतीवर आहेच. तिच्याखाली एक कॅलेंडर टांगा. झालेल्या दिवसावर खूण करा आणि राहिलेला दिवस कोरा ठेवा. तो कोरा दिवसच तुम्हाला उद्या जाब विचारील!