मेहनत आणि विसावा

चैत्र लागला की शिरूर-दौंडच्या गावोगाव जत्रा भरतात. सकाळी पालखी निघते, दुपारी कुस्त्यांचा आखाडा रंगतो. हलगी कडाडली की पोरांचे दंड फुरफुरतात. मग महिनाभर तालमीत गर्दी होते.

दुसरे निमित्त भरतीचे. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. तो खाकी पोशाख पोरे नेहमी पाहतात. पोलीस भरतीत धावावे लागते, गोळा फेकावा लागतो. म्हणून पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले आणि मुलीही आता जागोजाग दिसतात.

हे फार चांगले आहे. पण यात एक खोटी समजूत शिरली आहे. ती म्हणजे, जितके जास्त करावे तितकी ताकद जास्त. मग पोरगा पहिल्याच आठवड्यात शेकड्याने जोर-बैठका काढतो. वर रोज पळतो. एक दिवस खंड पडू देत नाही. पंधरा दिवस हे चालते. मग गुडघा धरतो. नडगी ठणकते. भरतीचा दिवस येतो, तेव्हा पोरगा लंगडत असतो. एक वर्ष हातचे जाते. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन खुराक घातलेला असतो, तोही वाया जातो.

मेहनत कमी पडली म्हणून हे झाले का? नाही. विसावा कमी पडला म्हणून झाले.

ताकद केव्हा वाढते?

तुम्ही म्हणाल, जोर काढताना वाढते. तसे नाही. जोर काढताना स्नायूंवर ताण पडतो. स्नायू बारीक तंतूंचे बनलेले असतात. त्यांतले काही तंतू थोडे दुखावतात. त्या वेळी ताकद उलट घटते. म्हणून तर शेवटचे दोन जोर निघता निघत नाहीत.

मेहनत थांबली की शरीर दुरुस्तीला लागते. अन्नातून मिळालेला माल वापरून ते तंतू सांधते. सांधताना पहिल्यापेक्षा थोडे बळकट करते. हे काम एका रात्रीत होत नाही. चांगली मेहनत झाली असेल तर साधारण दोन दिवस लागतात. म्हणजे ताकदीची सुरुवात तालमीत होते, पण ती अंगात भरते विसाव्यात.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी दौंडच्या रानात आवर्तनाने येते. पाणी दिले की आपण लगेच औत घालतो का? नाही. वाफसा येऊ देतो. चिखलात औत घातले तर ढेकळे होतात. आणि पाण्यावर पाणी देत राहिले तर चांगली काळी जमीन चोपण होते. अंगाचेही तसेच आहे. मेहनत म्हणजे पाणी. विसावा म्हणजे वाफसा. मात्र पाणीच दिले नाही तर पीक जळते, हेही विसरू नका. नुसता विसावा म्हणजे आळस.

हेलसिंकीची गोष्ट

खाशाबा जाधवांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. १९५२ साली फिनलंड देशात हेलसिंकी येथे ऑलिम्पिक सामने झाले. तेथे खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिम्पिक पदक.

त्या सामन्यांची एक हकिकत सांगतात. खाशाबांची एक कुस्ती फार लांबली. ते थकून गेले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण त्यांची बाजू मांडायला आपला कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता. त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले, आणि ते हरले. एवढा कसलेला मल्ल, पण अर्धा तास विसावा मिळाला नाही तर त्यालाही जड गेले. मग नवशिक्याची काय कथा?

किती दिवस मेहनत, किती विसावा?

नवीन माणसाने ताकदीची मेहनत आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस करावी. मध्ये निदान एक दिवस मोकळा सोडावा. भरतीची तयारी करणाऱ्याने आठवडा असा लावून पाहावा :

सोमवारी आणि गुरुवारी जोर, बैठका, वजन उचलणे.
बुधवारी आणि शनिवारी धावणे.
मंगळवारी नुसते चालणे आणि अंग मोकळे करणे.
शुक्रवारी आणि रविवारी विसावा.

पहिल्या दिवशी दहा-दहा जोरांच्या दोन-तीन फेऱ्या पुरेत. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटे थांबावे. पुढे दर आठवड्याला थोडी थोडी वाढ करावी. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबते. त्याला भिऊ नये, ते आपोआप उतरते. पण अंग आंबलेले असताना पुन्हा तीच मेहनत करू नये.

कोणी म्हणेल, “जुने पैलवान तर रोज मेहनत करायचे!” खरे आहे. पण ती सवय त्यांना वर्षानुवर्षांच्या सरावाने लागलेली असे. वस्तादाचा डोळा त्यांच्यावर असे. मालीश, खुराक आणि दुपारची झोप हेही त्यांच्या मेहनतीचेच भाग होते. आपण त्यांचे जोर मोजतो, झोप मोजत नाही.

कष्टकऱ्यांनी काय करावे?

ज्याने दिवसभर ऊस तोडला, मोळ्या वाहिल्या, गाडी भरली, त्याच्या अंगाला ताण पडलाच आहे. तो हिशेबात धरावा. त्या दिवशी रात्री तालमीत जाऊन पुन्हा अंग मोडू नये. बायाबापड्या दिवसभर खुरपतात, पाणी भरतात, आणि रात्री शेवटी निजतात. विसावा त्यांनाही लागतो. घरातल्यांनी त्यांच्या कामाला हात लावला तर तो मिळेल.

अन्न आणि झोप

झोप सात-आठ तास हवी. रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघायचा आणि पहाटे चारला पळायचे, हा व्यवहार तोट्याचा आहे.

खुराक महागच हवा असे नाही. भाकरीबरोबर डाळ, हुलगे, मोड आलेली मटकी, शेंगदाणे घ्यावेत. जमेल तसे दूध आणि अंडी घ्यावीत. उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावे. लवकर अंग भरावे म्हणून कोणी सुई टोचून घ्यायला सांगेल. तसल्या औषधांनी काळीज आणि यकृत बिघडते. त्या वाटेला जाऊ नये.

शरीर काय सांगते?

सांध्यात कळ येते. झोप लागत नाही. भूक मरते. सकाळी उठल्या उठल्या नाडी नेहमीपेक्षा जलद चालते. कालपर्यंत निघणारे जोर आज निघत नाहीत. अशी चिन्हे दिसली तर तीन-चार दिवस मेहनत थांबवावी. नडगीच्या हाडावर एकाच जागी दुखत असेल तर पळणे बंद करून डॉक्टरांना दाखवावे. फार मेहनतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा छातीत दुखले, तर घरी बसू नका. त्याच घडीला दवाखाना गाठा.

बैलाने सहा तास औत ओढले की आपण त्याला सोडतो, पाणी दाखवतो, सावलीत बांधतो. मुक्या जनावराला जी माया लावतो, तीच आपल्या पोराच्या अंगाला लावू या. मग भरतीच्या दिवशी तो लंगडणार नाही, पळेल.

सांगा पाहू :
१. ताकद अंगात केव्हा भरते?
२. वाफसा आणि विसावा यांत सारखेपणा कोणता?
३. तुमच्या घरात सर्वांत कमी विसावा कोणाला मिळतो?