आडव्या वाऱ्याचे शीड

कोकणातल्या जुन्या मचव्याचे रुंद, तिरके शीड आणि शर्यतीच्या नौकांवर दिसणारे उंच, अरुंद बर्म्युडा शीड यांची चित्रे शेजारी ठेवली, तर बहुतेक जण दुसऱ्यालाच प्रगत म्हणतील. पहिले परंपरेचे आणि दुसरे विज्ञानाचे, अशी वाटणी मनात आधीच झालेली असते. वायुगतिकी तिला दुजोरा देत नाही. ‘कोणते शीड चांगले’ हा प्रश्नच अपुरा आहे. वारा कोणत्या अंगाने येणार, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. कोकण किनाऱ्यापुरता तो पुरेपूर विचारला, तर तिरक्या शिडाचे पारडे जड ठरते, असे माझे मत आहे.

शिडावर वारा दोन बले निर्माण करतो. एक वाऱ्याच्या दिशेला काटकोनात लागते. विमानाच्या पंखाला वर उचलते तेच हे बल, म्हणून त्याला उचल म्हणू. दुसरे वाऱ्याच्या दिशेनेच ढकलते, ती ओढ. समजा ‘अ’ शिडाचा उचलीचा गुणांक १.२ आणि ओढीचा ०.२५ आहे, तर ‘ब’ शिडाचे हेच आकडे १.५ आणि ०.५ आहेत. बोटीवरून जाणवणारा वारा नाळेशी ३० अंशांचा कोन करून समोरून येत असेल, तर पुढे नेणारे बल ‘अ’साठी ०.३८ भरते आणि ‘ब’साठी ०.३२. शिवाय बोटीला आडवे कलंडवणारे बल ‘अ’मध्ये १.१६, तर ‘ब’मध्ये १.५५. म्हणजे ‘ब’ दोन्हीकडून हरले. आता वारा ९० अंशांवर, बरोबर कुशीवर घ्या. इथे सगळी उचल पुढे नेण्यातच खर्ची पडते, ‘ब’ला १.५ मिळतात, ‘अ’ला १.२. शीड तेच, कापड तेच, फक्त वारा फिरला आणि निकाल उलटला. उंच, अरुंद शिडाच्या टोकाशी भोवऱ्यांमुळे होणारी ओढ कमी असते, म्हणून ते ‘अ’च्या जवळ जाते. समोरच्या वाऱ्याला तोंड देत नागमोडी चढत जायचे असेल, तर त्याचा हात कोणी धरू शकत नाही, हे मान्यच आहे.

पण सगळ्या बोटींना रोज तेच करायचे नसते. १९७०च्या दशकात तेल महागल्यावर गरीब देशांतल्या मच्छीमारांना शीड पुन्हा उपयोगी पडेल का, याचा विचार सुरू झाला. साउदॅम्प्टनचे संशोधक चेस्वाव मार्खाय यांनी पारंपरिक शिडांच्या प्रतिकृती वातबोगद्यात तपासल्या. बर्म्युडा शीड काही सर्वत्र पहिले आले नाही. पॅसिफिक बेटांवरचे, खेकड्याच्या नांगीच्या आकाराचे शीड आडव्या वाऱ्यात त्याच्या बरेच पुढे निघाले. त्याच्या तिरक्या कडेवरून सुटणारे भोवरे शिडाच्या पाठीवर दाब कमी ठेवतात. कॉन्कॉर्ड विमानाचा त्रिकोणी पंख कमी वेगात याच भोवऱ्यांवर तोलला जाई. बर्म्युडा शिडाची एक अडचणही लक्षात घेण्यासारखी आहे. त्याची पुढची कड जाड डोलकाठीच्या मागे असते, त्यामुळे वारा शिडाला भिडण्याआधीच विस्कटतो. तिरक्या शिडाची पुढची कड बारीक, लांब काठीला बांधलेली असते आणि ती डोलकाठीच्या पुढे येते.

आता कोकणचा वारा पाहू. किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे. पावसाळा सरल्यावर दुपारी खारे वारे पश्चिमेकडून, वायव्येकडून येतात आणि रात्री, पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे जातात. किनाऱ्याने जाणाऱ्या होडीला दोन्ही वेळा वारा बहुधा कुशीवरच मिळतो. म्हणजे इथे परीक्षा आहे ती ‘ब’सारख्या रुंद, तिरक्या शिडाची, ‘अ’ची नाही. पहाटेचा मतलई वारा मंद असतो, हेही इथे महत्त्वाचे. शिडावरचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात १.२ गुणांकाचे २० चौरस मीटर शीड सुमारे ५२० न्यूटन बल देते. वारा निम्मा झाला की उरतात १३०. तेव्हा गरज असते ती भरपूर कापडाची. अठराव्या शतकातला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने मराठ्यांच्या गलबतांचे वर्णन केले आहे: मुख्य डोलकाठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि उभारल्यावर त्याचे टोक डोलकाठीपेक्षाही बरेच उंच. आखूड डोलकाठीवर एवढे क्षेत्रफळ तोलायचे, तर तिरक्या काठीसारखा दुसरा मार्ग नाही. जोडीला चाळीस-पन्नास वल्ही. मंद वाऱ्याच्या पट्ट्यात अवजड जहाजांना ही गलबते का छळू शकत, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की तिरके शीड फिरवायला माणसे लागतात. वारा दुसऱ्या कुशीवर घ्यायचा, तर लांबलचक काठी उभी करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते; जोराच्या वाऱ्यात हे काम धोक्याचे. तसे केले नाही, तर शीड डोलकाठीवर दबते आणि आकार बिघडतो. चिंचोळ्या खाडीत दर पाच मिनिटांनी दिशा बदलायची असेल, तर हे शीड तिथे चुकीचेच. पण एकच वारा तासन्‌तास कुशीवर राहणाऱ्या किनाऱ्यावर ही कसरत दिवसातून मोजक्या वेळा होते. ही उणीव वायुगतिकीची नाही, मनुष्यबळाची आहे. तुलनेत ती वेगळ्या रकान्यात मांडायला हवी.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: जुन्या शिडाच्या होड्या वाऱ्याकडे नीट चढत नसत, हे तर डोळ्यांनी दिसे. खरे आहे, पण त्यात दोष आकाराचा किती आणि कापडाचा किती? याचा पडताळा कोणत्याही कापड बाजारात मिळू शकतो. सुती कापडाचा तुकडा उभ्या धाग्याने ओढून पाहा, तो फारसा हलत नाही. कोपरे धरून तिरका ओढा, लगेच लांबतो. त्रिकोणी शिडाच्या दोनच कडा धाग्यांच्या दिशेने बसवता येतात, त्याही त्या काटकोनात असतील तेव्हाच. उरलेली कड तिरकी पडतेच. वारा वाढला की सुती शीड तिथून ताणते, पोट खोल होते, ओढ वाढते आणि समोरच्या वाऱ्यातली चाल जाते. विणीतून वारा झिरपतो तो वेगळाच; म्हणून मंद वाऱ्यात खलाशी शिडावर पाणी मारत. १९५०च्या दशकात पॉलिस्टरचे शीड आले आणि हे दोष बरेच घटले. तेव्हा जुन्या सुती तिरक्या शिडाशी पॉलिस्टरचे बर्म्युडा शीड ताडून पाहणे म्हणजे आकाराच्या नावाखाली कापडांची तुलना करणे होय. तळाचाही वाटा आहेच: पाण्याखाली खोल कणा नसलेली होडी कोणत्याही शिडाने आडवी सरकणारच. सागरी पुरातत्त्वज्ञ ज्युलियन व्हाइटराइट यांनी २०११ साली प्राचीन भूमध्य सागरातल्या चौकोनी आणि तिरक्या शिडांची तुलना मांडली, तेव्हा तिरके शीड वाऱ्याकडे फार अधिक चढते, ही रूढ समजूतही डळमळली. माझ्या पक्षाला सोयीचा नसला तरी हा निष्कर्ष मी महत्त्वाचा मानतो. शिडाच्या नुसत्या आकारावरून निवाडा करू नये, हेच तो दाखवतो.

वातबोगद्यातली छोटी प्रतिकृती लाटांवर डुलत नाही, तिचे कापड ताणत नाही, त्यामुळे खरी मोजणी समुद्रातच व्हायला हवी. तशी संधी आपल्याकडे आहे. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेले, शिवलेल्या फळ्यांचे आणि चौकोनी शिडांचे ‘कौंडिण्य’ मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. त्याच्या तळाच्या प्रतिकृतीच्या चाचण्या आयआयटी मद्रासमध्ये झाल्या. लहान होड्यांसाठी याहून कितीतरी स्वस्तात काम भागेल. रत्नागिरी किंवा मालवणची उलांडीची एक होडी घ्यावी. तिच्यावर एकाच कापडाची, एकाच क्षेत्रफळाची तिरके, चौकोनी आणि बर्म्युडा अशी तीन शिडे आळीपाळीने चढवावीत. दोरावरचा ताण, वाऱ्याचा कोन, होडीचा वेग आणि कल नोंदवावा. पहाटेच्या मतलई वाऱ्यात वेगळा, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात वेगळा. सोबत आणखी एक नोंद ठेवावी: प्रत्येक शीड फिरवायला किती हात लागले आणि किती वेळ गेला.