लाईट आली की काटा सुरू

जिनिंगच्या फाटकाजवळ, वजनकाट्याच्या केबिनमध्ये जो कॉम्प्युटर असतो, त्याच्याकडून मालकाची एकच अपेक्षा असते. लाईट गेली आणि परत आली, की कुणी हात न लावता तो वजन घ्यायला तयार झाला पाहिजे. मानवतमध्ये असे कॉम्प्युटर सांभाळायचं काम मी करत आलोय. २०२५च्या हंगामात या एका अपेक्षेपायी मला जितक्यांदा बोलावणं आलं, तितक्यांदा आधी कधी आलं नव्हतं.

कारण तारखेत होतं. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्याच आठवड्यात दिवाळी लागली, आणि दिवाळी म्हणजे आपल्याकडे कापसाच्या गाड्या सुरू व्हायची वेळ. ज्यांचे कॉम्प्युटर विंडोज ११ चालवण्याइतके नवे होते, त्यांनी घाईघाईत अपग्रेड करून घेतलं. सगळं जागेवर दिसत होतं, स्क्रीनवरची चित्रंसुद्धा. मग पहिल्यांदा लाईट गेली.

एका जिनिंगमध्ये मी पोचलो तेव्हा फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि छोटे टेम्पो रांगेत उभे होते. केबिनमधला मुलगा म्हणाला, "दादा, चालूच होत नाही." हे वाक्य मी कधीही जसंच्या तसं घेत नाही. काट्याचा कॉम्प्युटर आपोआप उठतो तो चार पायऱ्यांनी. वीज आल्यावर मशीन स्वतः चालू होणं, हे बायोसमधल्या सेटिंगवर अवलंबून असतं. मग खात्यात आपोआप लॉगिन, मग काट्याचं सॉफ्टवेअर उघडणं, आणि शेवटी वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरकडून आलेला आकडा त्या सॉफ्टवेअरला मिळणं. चारपैकी कुठलीही पायरी अडली तरी केबिनमधून एकच निरोप येतो. म्हणून मी त्याला प्लग काढून परत लावायला सांगितलं आणि नुसता बघत बसलो. मशीन उठलं, निळा पडदा आला आणि चार आकड्यांच्या पिनसाठी थांबलं.

थांबताना ते काही बोललं का, हेही बघावं लागतं. पासवर्ड चुकीचा आहे असं सांगून थांबलं, तर आपोआप लॉगिनचा प्रयत्न झाला आणि साठवलेला पासवर्ड जुना निघाला. काहीच न बोलता थांबलं, तर प्रयत्नच झाला नाही. इथं ते गप्प होतं. म्हणजे पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नव्हता, परवानगीच गेली होती.

काट्याचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी जरा थांबून सांगतो. लोखंडी प्लॅटफॉर्मखालचे लोडसेल वजन ओळखतात आणि इंडिकेटरवर आकडा दिसतो. वैध मापन विभागाची पडताळणी असते ती या काट्याची. कॉम्प्युटर वजन करत नाही, तो आकडा घेऊन पावती छापतो आणि लक्षात ठेवतो. ट्रॉली आधी भरलेली तोलली जाते, आत जाऊन कापूस उतरवते आणि रिकामी होऊन पुन्हा काट्यावर येते. दोन्हीतला फरक म्हणजे निव्वळ माल. या दोन वजनांत गर्दीच्या दिवशी तासनतास जातात, आणि गाडी नंबरावरून त्यांची जोडी लावायची जबाबदारी त्या कॉम्प्युटरची. तो पिन मागत बसला तेव्हा आत उतरत असलेल्या प्रत्येक गाडीचं भरलेलं वजन त्याच्या पोटात अडकलेलं होतं. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हातानं लिहिताना दहा किलोची गफलत झाली, तर शेतकऱ्याचे ८११ रुपये गेले. रांगेतला एक म्हातारा शेतकरी केबिनच्या खिडकीशी येऊन फक्त एवढंच विचारत होता, "माझं आधीचं वजन हाय ना बाबा त्याच्यात?" होतं. इंडिकेटर चालू होताच. मी मुलाला आधी पिन टाकून गाड्या सोडायला लावल्या आणि दुरुस्ती जेवणाच्या सुट्टीवर ठेवली. रांग उभी असताना सेटिंगमध्ये हात घालायचा नाही, हे मी पाळतो.

सुट्टीत विंडोजमधली खात्यांची खिडकी, नेटप्लविझ, उघडली. पूर्वी तिथं एक चौकट असायची, वापरणाऱ्याला नाव आणि पासवर्ड विचारायचा की नाही, ते ठरवणारी. ती चौकटच दिसत नव्हती. मुलगा घाबरला, पण चौकट का गेली याचं उत्तर साइन-इनच्या पर्यायांत असतं. मायक्रोसॉफ्ट खात्यांना फक्त विंडोज हॅलोनंच, म्हणजे पिन, बोट किंवा चेहऱ्यानंच आत येऊ द्यायचं, असं एक बटण तिथं चालू झालेलं होतं. ते बंद केलं की चौकट परत दिसते. सुरक्षेच्या बाजूनं हा विचार चुकीचा नाही. आपोआप लॉगिन म्हणजे खुर्चीवर बसेल त्याला दार उघडं, आणि नव्या सिस्टीमनं ते मुद्दाम अवघड केलं असेल तर मी तिच्या बाजूनं आहे.

मग पासवर्ड विचारला. मुलानं पिन सांगितली. "अहो, रोज हेच चार आकडे टाकतो मी, कामून घेईना?" इथंच बहुतेकांचं अडतं. पिन त्या एका मशीनपुरती असते, आपोआप लॉगिनला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि ते खातं कुणाच्या ईमेलवर काढलंय, हे कुणालाच सांगता येईना. जिनिंगच्या मुनीमजींनी दोन ठिकाणी फोन लावले. तेवढ्यात मी ठरवलं होतं की तो पासवर्ड सापडला तरी वापरायचा नाही. कुणाच्या तरी खासगी ईमेलची किल्ली काट्याच्या केबिनमध्ये ठेवायचं कारणच नाही.

त्याऐवजी मशीनवर 'काटा' नावाचं स्थानिक खातं काढलं, ॲडमिनचे अधिकार नसलेलं. खरी मेहनत त्यापुढं लागली. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, ते आपल्याच फोल्डरमध्ये नोंदी लिहितं, आणि साध्या खात्याला तिथं लिहायला मनाई. अशा वेळी सरळ ॲडमिन करून मोकळं व्हायचा मोह होतो. मी तेवढ्या एका फोल्डरला लिहायची परवानगी दिली. नव्या खात्याचा प्रिंटर वेगळा निवडावा लागतो, नाहीतर पावती पीडीएफमध्ये जाते आणि शेतकरी हात पुढं करून उभा राहतो. इंडिकेटरची वायर ज्या यूएसबी जोडणीतून येते तिचा पोर्ट क्रमांकही अपग्रेडमध्ये सरकला होता, तो सॉफ्टवेअरमध्ये बदलला.

आपोआप लॉगिनसाठी पासवर्ड रजिस्ट्रीत साध्या अक्षरांत लिहायची जुनी पद्धत आहे, आणि ती चालते. पण तिथं तो मशीनवर बसणाऱ्या कुणालाही वाचता येतो. मी सिसइंटर्नल्सचं ऑटोलॉगऑन हे छोटं साधन वापरतो. ते पासवर्ड कूटबद्ध करून ठेवतं. ॲडमिन असलेल्या जाणकाराला तोही काढता येतो, म्हणून तर खातं कमी अधिकारांचं असलं पाहिजे.

जिनिंगसाठी एक खास गोष्ट. मशीन उठताना शिफ्टची कळ दाबलेली राहिली तर विंडोज आपोआप लॉगिन टाळतं. केबिनमध्ये रुईचे तंतू उडत असतात, कीबोर्डात जाऊन बसतात आणि कळ अडकते. सेटिंग सगळी बरोबर असूनही मशीन कधी उठतं, कधी थांबतं असं झालं, तर आधी कीबोर्ड उलटा करून झटकावा.

काटा रिकामा असताना आम्ही मेन स्विच पाडून बघितलं. मशीन उठलं, खातं उघडलं, सॉफ्टवेअर आलं आणि शून्य दिसलं.   मग काट्यावर टेम्पो घेतला तेव्हा आकडा आला.

निघताना मुनीमजी म्हणाले, "आतल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरलाही असंच करून द्या, रोज पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो." मी नाही म्हटलं. त्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, शेतकऱ्यांच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती असतात. तिथं लाईट आल्यावर माणूस येईपर्यंत मशीन थांबलेलंच बरं. ते जरा नाराज झाले. मी खात्यांचे पासवर्ड पाकिटांत घालून त्यांच्या कपाटात ठेवायला दिले, काट्याच्या नोंदवहीत खात्याचं नाव आणि पोर्ट क्रमांक लिहिला, आणि पुढचं अपग्रेड मे महिन्यात, काटा बंद असताना करायचं, हे त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.