दूध काढण्याचा पंप आणि बाळाची बाटली

हिंगोली जिल्ह्यांतील सिद्धेश्वर हें गांव पूर्णा नदीवरील धरणामुळें पुष्कळांस ठाऊक आहे. अशा गांवांतून शिकून बाहेर पडलेल्या मुली आज पुण्या-मुंबईस नोकरी करतात. पहिल्या खेपेस मात्र रीतीप्रमाणें माहेरींच येतात. डिंकाचे लाडू, खारीक-खोबरें, बाळंतविडा या जुन्या सरंजामांत आतां एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे अंगावरचें दूध काढण्याचा पंप आणि त्याच्यासोबत आलेली बाटली. घरांतील वडीलधाऱ्या बायका ती वस्तु उलटसुलट करून पाहतात आणि विचारतात, "मूल मांडीवर असतांना हें यंत्र कशाला?" प्रश्न अगदीं रास्त आहे. तोच नीट सोडवला, तर पंप कोणता घ्यावा, बाटली कोणती घ्यावी, किंबहुना ती घ्यावी कीं नाहीं, हें ठरविणें सोपें जातें.

मूल मांडीवर आहे तोंवर बहुतेक आयांना यंत्राची गरज नसते. गरज उत्पन्न होते ती दोघांची ताटातूट होते तेव्हां. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचें दूध द्यावें, वरचें पाणीहि देऊं नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा व आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांचा एकमुखी सल्ला आहे. आतां रजेचा हिशेब पाहावा. २०१७ सालच्या दुरुस्तीनें नोकरदार स्त्रीची पगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हें खरें. परंतु त्यांतील ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वीं घेतां येते. जिनें तेवढी आधींच घेतली, तिच्या हातीं नंतर १८ आठवडे उरतात. म्हणजे मूल चार महिन्यांचें होतें न होतें तोंच कचेरीचें बोलावणें येतें. सल्ला आणि रजा यांच्यामध्यें उरणारे हे सुमारें दोन महिने, हेंच पंपाचें खरें क्षेत्र होय. हळदीच्या शेतांत रोजानें जाणाऱ्या बाईला तर ही रजाहि मिळत नाहीं, आणि पंप विकत घेणें तिच्या ऐपतीबाहेरचें असतें. तिच्या उपयोगी पडणारा उपाय सर्वांत जुना आहे, आणि शहरांतल्या सुशिक्षित बाईनेंहि तोच आधीं शिकावा.

त्यापूर्वीं दूध उतरतें कसें, हें समजून घेतलें पाहिजे. स्तन म्हणजे दुधानें भरलेली घागर नव्हे, कीं कलती केली म्हणजे रिकामी व्हावी. मूल चोखूं लागलें म्हणजे तो निरोप आईच्या मेंदूला पोंचतो, तेथून ऑक्सिटोसिन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो, दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोंवतालचे स्नायु आंवळले जातात आणि दूध पुढें लोटलें जातें. यालाच आपल्या भाषेंत पान्हा फुटणें म्हणतात. बाळाचें रडणें कानीं पडल्यानें, कधीं कधीं त्याच्या नुसत्या आठवणीनेंहि पान्हा फुटतो. भीतीनें, वेदनेनें, संकोचानें तो अडतो. दुसरी गोष्ट अशी, कीं जितकें दूध बाहेर जातें तितकें नवें तयार होतें. सांचून राहिलें तर शरीर उत्पादन आंखडतें घेतें. पंपाची परीक्षा या दोन नियमांवरून करावी. त्यानें पान्हा फुटला पाहिजे आणि स्तन पुरेसा रिता झाला पाहिजे. ओढण्याचा जोर हा त्या मानानें गौण गुण आहे. दुकानदार मात्र नेमका तोच आधीं सांगतो.

पंपाचा इतिहासहि हेंच सांगतो. अमेरिकेंत ऑर्वेल नीडहॅम यांनीं १८५४ सालीं अशा यंत्राचें पेटंट घेतलें. त्यानंतर पुष्कळ वर्षें निघालेले पंप केवळ ओढणारे होते, आणि त्यांनीं आयांना त्रासच अधिक झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमधील अभियंते आइनार एग्नेल यांनीं ओढणें आणि सोडणें यांची लय बसवून आईस सोसवेल असा विजेचा पंप तयार केला. आजचे चांगले पंप आरंभीं जलद व हलके झटके देतात आणि पान्हा फुटल्यावर संथ, खोल ओढ घेतात. अंगावर पिणारें मूलहि असेंच करतें; यंत्राला तें कळावयास शंभर वर्षें लागलीं.

आतां त्या जुन्या उपायाकडे वळूं या. तो म्हणजे आईचा स्वतःचा हात. हात साबणानें स्वच्छ धुवावे. उकळून घेतलेलें रुंद तोंडाचें भांडें पुढें धरावें. अंगठा वर आणि बोटें खालीं, स्तनाग्राच्या मागें दोन-तीन सेंटीमीटरवर ठेवून प्रथम छातीच्या दिशेनें मागें दाबावें, मग अंगठा व बोटें एकमेकांकडे आणावीं, मग सोडावें. त्वचेवरून बोटें घासत नेऊं नयेत. दुखलें तर कांहीं तरी चुकलें असें समजावें. पहिले कांहीं थेंब यावयास एक-दोन मिनिटें लागतात आणि तेवढ्यांत पुष्कळ बायका निराश होऊन सोडून देतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा पिवळसर चीक तर हातानेंच काढावा. तो इतका थोडा व दाट असतो, कीं पंपांत घातला तर अर्धा यंत्रालाच चिकटून राहतो. चमच्यांत धरलेला थेंब न् थेंब मात्र बाळाच्या मुखीं पडतो. वीज गेली, झडप फाटली, प्रवासांत पंप घरीं राहिला, अशा प्रत्येक प्रसंगीं ही विद्या उपयोगीं पडते.

हात अपुरा पडतो तेव्हां यंत्र घ्यावें, आणि तें तासांच्या हिशेबानें निवडावें. मोटारीच्या जुन्या भोंग्यासारखा रबरी फुगा असलेला पंप दिसावयास सोपा व सर्वांत स्वस्त. परंतु तो मुळींच घेऊं नये. त्याची ओढ आवरतां येत नाहीं, दूध फुग्यांत शिरतें आणि फुगा आंतून धुतां येत नाहीं. दिवसांतून एखाद्या वेळीं दोन-तीन तास बाहेर जावें लागणाऱ्या आईला हातदांड्याचा पंप पुरे आहे. त्याला वीज लागत नाहीं, आवाज होत नाहीं आणि ओढ किती असावी हें आईच्या मुठींत राहतें. रोज आठ-नऊ तास कचेरींत काढावयाचे असतील, तर मात्र दोन्हीकडचें दूध एकदम काढणारा विजेचा पंप घ्यावा. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटें लागतात, आणि घरीं मूल जितक्या वेळां प्यालें असतें साधारण तितक्या वेळां, म्हणजे दर दोन-तीन तासांनीं, बैठक व्हावी लागते. तेथें एकेक बाजू घेत बसण्यास कोणती कचेरी वेळ देणार? जिला वरचेवर माहेरीं राहावयाचें आहे, तिनें भरून ठेवतां येणाऱ्या बॅटरीचा पंप पसंत करावा. अंगावरच्या कपड्यांत बसणारे नवे पंपहि मिळतात. चारचौघांत ते सोयीचे खरे. परंतु कांहींजणींना त्यांनीं दूध कमी निघतें. पहिला आणि एकुलता एक पंप म्हणून ते घेऊं नयेत.

पंप कोणताहि असो, स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग बरोबर मापाचा आहे कीं नाहीं, यावर अर्धें यश अवलंबून असतें. डब्यांत बहुधा २४ मिलिमीटरच्या आसपासचें नरसाळें येतें आणि तेंच सर्वांस चालतें असा समज असतो. वस्तुतः बाहेरच्या वाटीचा आकार महत्त्वाचा नसून आंतल्या नळीचा व्यास महत्त्वाचा असतो. ओढ चालू असतांना स्तनाग्र त्या नळींत मोकळेपणानें पुढें-मागें झालें पाहिजे. तें कडेला घासत असेल, पांढरें पडत असेल, तर माप लहान. भोंवतालची काळसर त्वचा पुष्कळशी आंत ओढली जात असेल, तर माप मोठें. "दूध येत नाहीं" म्हणून जोर वाढविणाऱ्या कित्येक आयांचा दोष दुधाचा नसतो, नरसाळ्याचा असतो. जोर आरंभीं कमी ठेवून सोसवेल तेथपर्यंतच वाढवावा. त्यापुढें वेदना होते, आणि वेदनेनें पान्हा अडतो.

किती दूध निघालें पाहिजे, याविषयींहि घरोघर अवास्तव कल्पना असतात. एक ते सहा महिन्यांचें मूल दिवसरात्रींत सरासरी पाऊण लिटर दूध पितें. कुणी कमी, कुणी जास्त. म्हणजे ताटातुटीच्या दर तासाला ३० ते ४० मिलिलिटर असा अंदाज धरावा. नऊ तासांसाठीं २७० ते ३६० मिलिलिटर पुरे होतें. बाटलीभर दूध एका बैठकींत निघालें नाहीं म्हणून पावडरीचा डबा आणण्याची घाई करूं नये. बाळ लघवी पुरेशी करीत असेल आणि वजन नियमित वाढत असेल, तर पंपांतील आंकड्यावरून आईच्या दुधाचा निवाडा करणें हा अन्याय आहे.

दूध काढलें, आतां तें पाजावयाचें कशांत? येथें बाटलीकडे हात जाण्यापूर्वीं थोडें थांबावें. पूर्वीं आपल्याकडे चोंचीचें बोंडलें असे. बाटलीचा इतिहास मात्र फारसा गोड नाहीं. एकोणिसाव्या शतकांत युरोपांत लांब रबरी नळीच्या बाटल्या निघाल्या. नळी आंतून धुतां येईना, आणि त्यांनीं असंख्य मुलें दगावलीं. फ्रान्सनें १९१० सालीं त्यांना कायद्यानें बंदी केली. आपल्या संसदेनेंहि १९९२ सालीं कायदा करून बाळाच्या दुधाच्या बाटल्यांची व कृत्रिम दुधाची जाहिरात करण्यास मनाई केली. १ ऑगस्ट १९९३ पासून तो अंमलांत आला. गंमत अशी, कीं त्या कायद्यांत पंपाचा उल्लेख नाहीं. त्यामुळें पंपाची जाहिरात उघडपणें होते आणि त्याच्या डब्यांतून बाटली गुपचूप घरांत येते.

वाटी-चमचा हें साधन याहून सोपें आणि निर्धोक आहे. स्टीलच्या वाटीला ना कोपरा, ना नळी, ना निपल. उकळत्या पाण्यांतून काढली कीं ती शुद्ध. मूल जागें असावें, मांडीवर उभट धरावें, वाटीची कड त्याच्या खालच्या ओठाला टेकवावी आणि त्यानें जिभेनें दूध घ्यावें; घशांत ओतूं नये. मूल फार लौकर शिकतें. आजोळाकडून बारशाला आलेली चांदीची वाटी कपाटांत कुलूपबंद करून बाळाला बाटली देणाऱ्या घरांनीं याचा विचार करावा.

तरीहि पाळणाघरांतील बाईला, किंवा हात कांपणाऱ्या आजीला वाटी जमत नाहीं, आणि बाटली घ्यावीच लागते. मग आय. एस. आय. चें चिन्ह असलेलीच घ्यावी. बाटलीला तें चिन्ह असणें कायद्यानें आवश्यक आहे. तोंड रुंद असावें, म्हणजे ब्रश तळापर्यंत पोंचेल. आकार साधा असावा, आंत झडपा व नळ्यांचें जंजाळ नसावें. कांचेची बाटली जड व फुटणारी, परंतु उकळून कधीं बिघडत नाहीं. प्लॅस्टिकची घेतली तर पॉलिप्रोपिलीनची घ्यावी. पॉलिकार्बोनेट हें प्लॅस्टिक २०१५ च्या भारतीय मानकानें बाळाच्या बाटल्यांतून वगळलें आहे. पॉलिप्रोपिलीनहि निर्दोष नव्हे. त्या बाटलींत ऊन पाणी घालून हलविल्यास प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात, आणि उष्णता वाढेल तसे ते वाढतात, असें आयर्लंडमधील संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें. तेव्हां दूध तिच्यांत कोमटच ओतावें, आणि उकळलेली बाटली निवल्यावर निवलेल्या उकळीव पाण्यानें खळबळून घ्यावी. निपल सर्वांत संथ धारेचें असावें. बाटली आडवी धरून, मधून मधून थांबवून पाजावें. धार आपोआप गळूं लागली, कीं स्तनाशीं कष्ट करण्याचा मुलाला कंटाळा येतो. म्हणूनच पहिला महिना-सवा महिना तरी बाटली दाखवूंच नये.

काढलेलें दूध पंचवीस अंश उष्णतेच्या खोलींत चार तास टिकतें, असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. मराठवाड्यांतील वैशाखांत घरांतला पारा त्याच्या किती तरी वर असतो. तेथें हा नियम लावूं नये. दूध काढतांच तें शीतपेटींत मागच्या बाजूस, दारापासून दूर ठेवावें. तेथें चार दिवस चालतें. कचेरींतून आणतांना बर्फाच्या पुड्यांची पिशवी हवी. वीज वरचेवर जाणाऱ्या घरांत चार दिवसांचा सांठा करण्यापेक्षां त्या दिवसाचें त्या दिवशीं संपवावें. देतांना भांडें कोमट पाण्यांत ठेवावें. चुलीवर किंवा मायक्रोवेव्हमध्यें तापवूं नये. बाळाच्या तोंडाला लागलेलें उष्टें दूध दोन तासांनंतर टाकून द्यावें. आईला हळहळ वाटते, परंतु इलाज नाहीं.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याला चोखण्याची शक्ति नसते, म्हणून आईनें पहिल्या कांहीं तासांतच हातानें व पंपानें दूध काढावयास लागावें आणि दिवसरात्रींत आठ वेळां काढावें. तेथें यंत्र ही चैन नसून औषध आहे. अशाच बाळांसाठीं मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं २७ नोव्हेंबर १९८९ रोजीं आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी उघडली. अशा पेढींत तपासणी झालेल्या मातांनीं दिलेलें दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटें तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्या बाळाच्या आईला अजून दूध उतरलें नाहीं त्याला तें देतात.

राहिला एक प्रश्न, जो आपल्या घरांतून हमखास निघतो. पाळणा, दुपटीं, झबलीं थोरलीकडून धाकटीकडे येतात; तसा पंप यावा काय? घरगुती विजेचे पुष्कळ पंप एकीनेंच वापरावे अशा बेतानें केलेले असतात. त्यांत दूध आणि मोटर यांच्यामध्यें पडदा नसतो. दुधाचा अंश आंत शिरतो आणि तो काढतां येत नाहीं. मध्यें पडदा असलेला बंद बनावटीचा पंप, आणि तोहि अनेकींच्या वापरास योग्य म्हणून कंपनीनें स्पष्ट सांगितलेला असेल, तरच नरसाळें, झडपा, नळ्या व बाटल्या नव्या घालून वापरावा. रुग्णालयांत वापरतात ते मोठे पंप याच जातीचे असतात, आणि शहरांतून ते भाड्यानेंहि मिळतात. घेतांना प्रत्येक बाईला स्वतंत्र नवा संच मिळतो कीं नाहीं, एवढें विचारून घ्यावें.