फ्रेंच नाव म्हणजे नेमके कोणते?

फोंड्याची माझी एक बालमैत्रीण गेली काही वर्षे फ्रान्समधील तुलूझ शहरात राहते. तिचे पती विमाननिर्मितीच्या क्षेत्रात आहेत. गेल्या महिन्यात तिचा फोन आला तो एक अडचण घेऊन. दोन महिन्यांनी तिला मुलगी होणार आहे. तिकडे हे आधी सांगण्यास कायद्याची आडकाठी नाही. मुलीला शाळेत आणि पुढे नोकरीत त्रास नको, म्हणून नाव फ्रेंच असावे असे पतीचे म्हणणे. तर ‘असले नाव पाळण्यापाशी आत्या उच्चारणार तरी कशी?’ हा फोंड्याहून आईचा प्रश्न. मराठीची पदवी घेतलेली आणि वृत्तपत्रात रोज नावांची शुद्धलेखने तपासत बसणारी म्हणून तिने मला विचारले, ‘‘एखादे चांगले फ्रेंच नाव सुचव ना.’’

शोध घेऊ लागले तेव्हा त्या वाक्यातील ‘चांगले’ या शब्दापेक्षा ‘फ्रेंच’ हाच शब्द अधिक अवघड निघाला. गोव्यातील अनेक घरांतील मुले-मुली आज युरोपात स्थिरावली आहेत. त्यांच्यापैकी काहींपुढे हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे. म्हणून हे टिपण.

बारशाआधीच बारसे

आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी, आणि तेही सोयीने पुढे ढकलता येते. फ्रान्समध्ये ही सवड नाही. बाळ जन्मल्यापासून पाच दिवसांच्या आत (जन्माचा दिवस धरला जात नाही) नगरपालिकेत जन्माची नोंद करावी लागते आणि त्याच वेळी नावही सांगावे लागते. २०१६ च्या सुधारणेपूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती. मुदत टळली तर नोंदीसाठी न्यायालयाचा निर्णय आणावा लागतो. तेव्हा नाव आधीच ठरलेले असणे ही तिथे निकड असते.

मात्र एक सोय आहे. जन्मदाखल्यावर एकापेक्षा अधिक नावे लिहिता येतात, आणि त्यांपैकी कोणतेही नाव व्यवहारात वापरण्याचा हक्क कायदा देतो. आजीचे नाव दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकावर ठेवण्याची प्रथा फ्रेंच कुटुंबांतही आहे.

यादी बाळगणारे राज्य

आई-वडिलांच्या हाती आज असलेले हे स्वातंत्र्य फार जुने नाही. राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, जन्ममृत्यूच्या नोंदी चर्चकडून काढून नगरपालिकांकडे देण्यात आल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत उत्साही नागरिकांनी मुलांना फुलांची, ऋतूंची आणि क्रांतीच्या घोषणांतील शब्दांचीही नावे दिली. या मोकळेपणाला नेपोलियनच्या राजवटीने आवर घातला. १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने नावांची दोनच उगमस्थाने मान्य केली: एक, प्रचलित दिनदर्शिकांतील नावे, दुसरे, प्राचीन इतिहासातील प्रसिद्ध व्यक्तींची नावे. दिनदर्शिका म्हणजे व्यवहारात संतांची दिनदर्शिका. फ्रेंच पंचांगात आजही प्रत्येक तारखेपुढे एक नाव छापलेले असते. ३ जानेवारी पॅरिसची संरक्षक संत जनव्हियेव्ह हिची, २२ नोव्हेंबर सेसिलची, २५ नोव्हेंबर कातरीनची. त्या नावाच्या व्यक्तीला त्या दिवशी शुभेच्छा दिल्या जातात.

यादीबाहेरचे नाव घेऊन गेलेल्या आई-वडिलांना नोंदणी अधिकारी परत पाठवू शकत असे. ब्रिटनी प्रांतातील एका कुटुंबाने विसाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या मुलांना ब्रेतों या स्थानिक भाषेतील नावे दिली. त्यांपैकी काही मुलांची नोंद नाकारण्यात आली आणि कितीतरी वर्षे ही मुले सरकारच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. १९६६ मध्ये एका सरकारी सूचनेने प्रादेशिक, पौराणिक आणि परदेशी नावांसाठी दार किलकिले केले, तरी अखेरचा शब्द अधिकाऱ्याचाच राहिला.

एका मुलीचे प्रकरण तर युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. १९८३ मध्ये जन्मलेल्या या मुलीचे नाव आई-वडिलांना ‘फ्लर द मारी’ असे ठेवायचे होते. ही युजेन स्यू यांच्या ‘पॅरिसची रहस्ये’ या एकोणिसाव्या शतकातील कादंबरीची नायिका. नाव दिनदर्शिकेत नाही म्हणून नाकारले गेले. ‘फ्लर-मारी’ मात्र चालेल असे न्यायालयांनी सांगितले. मधल्या ‘द’ या एका अक्षरासाठी तेरा वर्षे वाद चालला. १९९६ मध्ये युरोपीय न्यायालयाने आई-वडिलांविरुद्ध निर्णय दिला. मुलगी तोपर्यंत घरीदारी त्याच नावाने वावरत होती.

प्रश्न बदलला

हा निकाल लागेपर्यंत फ्रान्समधील कायदा बदललेला होता. ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने यादीच मोडीत काढली. आता आई-वडील सांगतील ते नाव अधिकाऱ्याने ताबडतोब नोंदवायचे असते. ते मुलाच्या हिताविरुद्ध आहे असे वाटल्यास त्याने सरकारी वकिलाला कळवायचे, वकिलाने कौटुंबिक न्यायाधीशाकडे जायचे आणि निर्णय न्यायाधीशाने द्यायचा.

उत्तरेकडील वालांसिएन येथील न्यायालयापुढे काही वर्षांपूर्वी अशी दोन प्रकरणे आली. एका दांपत्याने मुलीचे नाव ‘नुटेला’ ठेवले होते. न्यायाधीशांनी ते बदलून ‘एला’ केले. दुसऱ्या दांपत्याने ‘फ्रेझ’, म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नाव निवडले. फ्रेंचमध्ये या फळावरून नको तिथे नाक खुपसणाऱ्याला टोमणा मारणारा एक वाक्प्रचार आहे. शाळेत मुलीला रोज तो ऐकावा लागेल, या कारणास्तव नाव अमान्य झाले. आई-वडिलांनी मग ‘फ्रेझीन’ हे जुने नाव घेतले.

या निर्णयांवर मतभेद असू शकतात. पण पूर्वी राज्य विचारत असे, ‘हे नाव आमचे आहे काय?’ आता ते विचारते, ‘या नावाने मुलीला त्रास होईल काय?’ माझ्या मते नाव निवडणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांनीही प्रथम हाच दुसरा प्रश्न विचारायला हवा.

नावांची माहेरे

पहिला प्रश्न मात्र सार्वजनिक चर्चेतून गेलेला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमाच्या वेळी एरिक झमूर या स्तंभलेखकांनी, फ्रान्समध्येच जन्मलेल्या उद्योजिका हापसातू सी यांना, तुमचे नाव हा फ्रान्सचा अवमान आहे असे सुनावले. आईने तुमचे नाव कोरीन ठेवायला हवे होते, अशीही पुस्ती जोडली. सी यांचे आई-वडील पश्चिम आफ्रिकेतून आलेले. पुढे २०२२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरलेल्या झमूर यांनी १८०३ चा कायदा पुन्हा आणण्याची घोषणाही केली होती.

आता हे ‘कोरीन’ पाहू. कोरिना ही प्राचीन ग्रीसमधील कवयित्री. फ्रान्समध्ये हे नाव लोकप्रिय केले ते मादाम द स्ताल यांच्या १८०७ मधील ‘कोरीन अथवा इटली’ या कादंबरीने. तिची नायिका राहते रोममध्ये. वडील इंग्रज, आई इटालियन. अस्सल फ्रेंच म्हणून सुचवलेल्या नावाची ही कुळकथा.

इतर नावांची माहेरेही अशीच दूरदूरची आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची नावांची नोंद १९०० पासून उपलब्ध आहे. तीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुलींच्या नावांत अग्रस्थानी राहिलेले ‘मारी’ हे मूळ हिब्रू. अलीकडच्या काळात वरच्या क्रमांकांवर असलेल्या नावांपैकी लुईझ, एमा आणि आलीस ही जर्मानिक; ‘जाद’ हे हिरव्या रत्नाचे नाव स्पॅनिशमार्गे आलेले. सोफी (प्रज्ञा), झोए (जीवन), क्लोए (कोवळा अंकुर), इरेन (शांती) आणि मार्गरीत (मोती) ही ग्रीक. क्लेर (उज्ज्वला) आणि ऑरोर (उषा) लॅटिनमधून आलेली. गोव्याच्या वाचकाला तर यांतील काही नावे शेजारघरची वाटतील. आपल्या ख्रिस्ती बांधवांकडे पोर्तुगीजमधून आलेल्या इनेस, लुईझा, मार्गारिदा, तेरेझा यांचीच ही फ्रेंच भावंडे.

आणि जगभर सर्वाधिक ओळखली जाणारी फ्रेंच मारी कोण? मारी क्युरी. त्या वॉर्सात जन्मल्या तेव्हा मारिया स्क्वोदोव्स्का होत्या. १८९१ मध्ये पॅरिसच्या विद्यापीठात नाव नोंदवताना मारी झाल्या.

म्हणजे नाव फ्रेंच ठरते ते त्याच्या उगमावरून नव्हे, तर फ्रेंच जिभेने त्याला दिलेल्या घाटावरून. शेवटी न उच्चारला जाणारा ‘ए’, ‘एत’ किंवा ‘ईन’ हे लाडिक प्रत्यय (कोलेत, ज्युलिएत, जोझेफीन), आणि आन-सोफी, मारी-क्लेर अशी जोडनावे ही त्या घाटाची लक्षणे. हा घाट मिळायला लागतो तो काळ. आज परके वाटणारे नाव दोन पिढ्यांनी घरचे होते.

लिहिताना आणि हाक मारताना

आता व्यवहाराचे बोलू. वृत्तपत्राच्या टेबलावर फ्रेंच नावे इंग्रजी बातमीतून येतात आणि आपण ती इंग्रजी वळणाने लिहितो. एलेनची हेलेन होते, मार्गोची मार्गोट. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारला जात नाही, शेवटचा ‘त’ बहुधा मूक असतो; पण अनाइस आणि अन्येस या नावांतला शेवटचा ‘स’ मात्र ऐकू येतो. पास्काल आणि मिशेल ही नावे मुलाचीही असतात आणि मुलीचीही. फरक फक्त लिखाणात दिसतो, कानाला कळत नाही.

उलट दिशेने, म्हणजे मराठी नाव फ्रेंच तोंडी जाते तेव्हा काय होते, हे अधिक महत्त्वाचे. रोमन लिपीत लिहिलेला आपला ‘च’ तिथे ‘श’ म्हणून वाचला जातो. चारूची शारू होते. महाप्राण अक्षरे गळतात. आभा ही आबा होते. दोन स्वरांमधला एकेरी ‘स’ हा ‘झ’सारखा वाचतात, म्हणून मानसी हे सुरेख नाव ‘मानाझी’ होते आणि त्यात युरोपात कोणाही मुलीच्या वाट्याला येऊ नये असा शब्द ऐकू येतो. रोमन लिपीत दोन ‘स’ लिहिले की ही अडचण दूर होते, पण ते जन्माच्या नोंदीपूर्वी सुचायला हवे. उलट हेमामधला ‘ह’ गळून जे उरते ते ‘एमा’, म्हणजे तिथले अत्यंत आवडते नाव! लीना, मीरा, लीला, माया ही नावे तर दोन्हीकडे जवळजवळ जशीच्या तशी उच्चारली जातात आणि फ्रान्समध्ये ती आधीपासून वापरातही आहेत.

नावाला वयही असते. आपल्याकडे एखादे नाव ऐकताच ही आजीच्या पिढीतली असावी असे वाटते, तसेच तिथे मार्तीन म्हटले की १९५० च्या सुमाराचा जन्म, नाताली म्हटले की १९६० चे दशक, ऑरेली म्हटले की १९८० चे. चित्रपटांतून किंवा जुन्या कादंबऱ्यांतून नाव उचलणाऱ्याने एवढी चौकशी अवश्य करावी.

त्रासाचा हिशेब

मैत्रिणीच्या पतीची भीती निराधार नाही. एकसारखेच शिक्षण आणि अनुभव दाखवणारे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून फ्रान्समध्ये चाचण्या झाल्या आहेत; अरबी वळणाच्या नावांना कमी उत्तरे येतात असे त्यांतून दिसले. नागरिकत्व घेणाऱ्या परदेशी व्यक्तीला नाव फ्रेंच करून घेण्याची सोय १९७२ च्या कायद्याने आहे आणि अनेकजण ती वापरतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपल्याला नाही. परंतु पहिले नाव बदलले तरी आडनाव आणि चेहरा तोच राहतो, हेही विसरून चालणार नाही. नावाने काही दारे थोडी लवकर उघडतील. सगळी उघडतील असे वचन कोणतेही नाव देत नाही.

म्हणून मी मैत्रिणीला नाव सुचवले नाही. चार कसोट्या कळवल्या. तुलूझच्या बालवाडीतील शिक्षिकेला आणि फोंड्याच्या आजीला, दोघींनाही ते नाव न अडखळता हाक मारता यावे. रोमन लिपीत लिहिल्यावर फ्रेंच माणूस ते कसे वाचतो हे शेजारणीकडून एकदा मोठ्याने वाचवून घ्यावे. त्याचा फ्रेंचमधील किंवा मराठीतील एखाद्या नकोशा शब्दाशी मेळ बसत नाही ना, ते पाहावे. आणि त्या नावामागची गोष्ट मुलीला सांगता यावी. ‘इथे चालते म्हणून ठेवले’ एवढेच उत्तर पंधरा वर्षांच्या मुलीला पुरणार नाही.

परवा तिचा निरोप आला. यादी तीन नावांवर आली आहे: मीरा, इरेन आणि एमा. इरेन का, तर अर्थ शांती आणि आजीचे नाव शांता. जे पहिले ठरेल त्याच्यामागे दाखल्यावर ‘शांता’ लिहायचेच, यावर घरात एकमत झाले आहे. नगरपालिकेत नोंद पाचव्या दिवसाच्या आत होईल. बारसे मात्र बाराव्या दिवशीच. तोवर आत्याला नाव पाठ करायला आठवडाभराचा अवधी आहे.