पाचगणीतून खाली, हर्णैच्या लिलावाला

पावसाळी मासेमारीबंदीचे 61 दिवस 31 जुलैला संपतात आणि बोटी पाण्यात जातात. याच सुमारास पाचगणीत एक वेगळी बंदी सुरू होते, तीही सरकारी आदेशाशिवाय. स्वातंत्र्यदिनाला जोडून सुट्ट्या आल्या की पसरणी घाटापासून गाड्यांची रांग लागते आणि गावातल्या माणसाला साधं दूध आणायला बाहेर पडणं नको होतं. वर येणाऱ्यांना खुशाल वर येऊ द्यावं. पाचगणीकरांनी दोन दिवस खाली उतरावं. महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, खेड, दापोली आणि मग हर्णैचं बंदर. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. जवळजवळ 1,300 मीटर उंचीवरून थेट समुद्राच्या ओल्या वाळूत.

डोंगर आणि बंदर यांची ही ओळख जुनीच आहे. क्षेत्र महाबळेश्वरी ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांतल्या कृष्णा, वेण्णा, कोयना घाटमाथ्याच्या बाजूला राहतात. सावित्री मात्र कोकणात उतरते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडच्या बंदरातला माल पारघाटानं वर चढून वाईकडे जाई, आणि त्या घाटावर नजर ठेवायला प्रतापगड होता. 22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरात एका दिवसात सुमारे 594 मिलिमीटर पाऊस कोसळला. तेव्हा खाली महाड बुडालं आणि आंबेनळी घाटातला रस्ताही तुटला. म्हणून हॉटेलात फोन करण्याआधी घाट सुरू आहे का, ते विचारावं. पावसाळ्यात हा प्रवास उजेडातच करावा.

हर्णैच का? मुरूड, कर्दे, आंजर्ले जवळच आहेत आणि तिथले किनारे जास्त देखणे आहेत. स्विमिंग पूल, झोपाळे, मोदकाचं ताट सगळं तिकडे मिळतं. मुक्काम तिकडे करायला हरकत नाही. पण तिथं समुद्र असतो तो खोलीच्या खिडकीतून बघायला. हर्णै आणि त्याला लागून असलेलं पाजपंढरी ही कामाची गावं आहेत. इथं सुक्या मासळीचा वास येतो, डिझेलचा येतो, आणि तो नको असणाऱ्यांनी येऊ नये. जाहिरातवाले आजकाल ‘कोळी जीवनाचा अनुभव’ विकतात. हर्णैत असा अनुभव कोणी विकत नाही, हीच त्यातली मोठी सोय. मासळीच्या लिलावात तर तुम्ही मध्ये उभे राहिलात की बाजूला व्हायला सांगतात, तेही फार गोड शब्दांत नाही.

आता त्या लिलावाबद्दल. बंदरातलं पाणी किनाऱ्याजवळ उथळ आहे. मोठ्या बोटी काठाला लागत नाहीत, आत नांगर टाकून उभ्या राहतात. मासळी किनाऱ्यावर येते ती लहान होड्यांतून आणि बैलगाड्यांतून. बैल पोटापर्यंत पाण्यात उतरतात, गाडी बोटीशी जाऊन भिडते, मासळीची पाटी वरून खाली येते, आणि परतीच्या खेपेला त्याच गाडीतून बर्फ किंवा डिझेल बोटीवर जातं. घाटावरच्या माणसाला बैल म्हटलं की नांगर आणि बेंदूर आठवतो. लाटांना न बुजणारा बैल पाहून त्याचं तोंड उघडंच राहतं. ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल, बांगड्याचे ढीग पडतात. ढिगाभोवती कडं होतं, बोली सुरू होते, आणि आपल्याला आकडा नीट ऐकू येईपर्यंत सौदा तुटलेला असतो. बोलीत बायका मागे नसतात. पुढची घासाघीस, टोपल्यांची हलवाहलव, उधारीचा हिशेब हेही बरंचसं त्यांच्याच हातात. घरापुरती मासळी हवी असेल तर ढिगाच्या बोलीत पडू नये. बाजूला वाटे लावून बसलेल्या बायकांकडून घ्यावी. सकाळी आणि दुपार कलल्यावर असा दोनदा बाजार भरतो, पण खरं वेळापत्रक बोटींचं.

लिलावाच्या मागे समुद्रात सुवर्णदुर्ग किल्ला दिसतो. 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूनं होते, आणि त्या जखमेवर कोकणात अजून वाद घालता येतो. पावसाळ्यात किल्ल्यात जायचा हट्ट धरू नये. किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्यातून तो छान दिसतो.

ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात धावणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगायला हवी. 31 जुलैला संपते ती कागदावरची बंदी. पूर्वी राज्यातली बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा 15 ऑगस्टपर्यंत असे, आणि बरेच मच्छीमार आजही ती वाढवून मागतात. समुद्र खवळलेला असला की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात आणि वाळू मोकळी राहते. नारळी पौर्णिमेच्या आधी अधिक महिना आला की तीही ऑगस्टच्या शेवटाला जाते. तेव्हा जाण्याचा बेत सप्टेंबरात ढकलला तर मासळीही जास्त आणि घाटही निवळलेला.

ताटाबद्दलही थोडं. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला तो उगीच नाही. त्याची घटती आवक सरकारलाही दिसू लागली होती. 135 मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडू नये असा दंडक आहे. तरी तळहातात मावणारी पिल्लं बाजारात दिसतात आणि ‘छोटा पापलेट’ म्हणून पर्यटकच ती कौतुकानं मागतात. बंदी असूनही एलईडी दिव्यांच्या झोतात मासे पकडणाऱ्या बोटींवर ओरडायचं आणि रात्री तीच पिल्लं तळून खायची, याला काय म्हणावं?

हर्णैच्या मच्छीमारांची सुसज्ज जेटीची मागणी वर्षानुवर्षांची आहे. तशी जेटी झाली की बैलांना पाण्यात उतरायचं फारसं कारण राहणार नाही. फोटो काढणाऱ्यांना याची हळहळ वाटते, आणि ती सुट्टीवर आलेल्यांनाच परवडते. बर्फ वितळायच्या आत मासळी ट्रकमध्ये चढली तर नाखव्याला दर चांगला मिळतो, वादळात बोट सुरक्षित राहते. तेव्हा जेटी व्हावी, लवकर व्हावी. बैलगाड्या चालवणाऱ्यांना त्या बंदरातच दुसरं काम मिळेल, एवढं मात्र जेटी सुरू होण्याआधी ठरवून घ्यावं.